राख कुणाच्या चुलीची

मी चौथी पास आहे. वाचता येतं, सही येते, आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय मी सही करत नाही. ही सवय चांगली आहे असं लोक म्हणतात. माझ्या आयुष्यात मोठं नुकसान एकदाच झालं, ते या सवयीनंच झालं.

सून शाळेत शिकवते. तिनं वही आणून दिली आणि म्हणाली, आत्या, ते डाळमिलचं तुम्ही सारखं सांगता, एकदा लिहूनच काढा. म्हणून लिहिते. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. माझंसुद्धा नाही.

तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं. माझं माहेर वडीगोद्रीकडचं, सासर जालन्याच्या कडेला, जिथं घरं संपतात आणि शेतं लागतात तिथल्या आमच्या बुद्धवस्तीत. नवरा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. आमच्याकडं जमीन नव्हती, जनावर नव्हतं. जनावर नाही म्हणजे शेण नाही, आणि शेण नाही म्हणजे गोवऱ्या नाहीत. मग चुलीत काय घालायचं? कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उभ्या राहतात. त्या उपटून शेत मोकळं करून द्यायचं आणि पऱ्हाट्या बांधून घरी न्यायच्या, हीच त्याची मजुरी. वर्षभर आमच्या वस्तीत पऱ्हाटीच जळायची. बाकी गावात गोवऱ्या आणि बाभळीचं लाकूड. हा फरक कुणी मनावर घेत नव्हतं. मीही घेत नव्हते.

तुरीला राख लावून ठेवायची रीत सगळीकडंच आहे. किडा लागू नये म्हणून लावतात. माझी सासू लावायची, माझी आई लावायची, ज्यांच्या शेतात आम्ही कामाला जायचो त्या घरच्या बायाही लावायच्या. त्यात नवीन काही नाही, आणि मी कधी नवीन आहे म्हणाले नाही.

एका साली आमच्या तुरीच्या कणगीजवळचा पाण्याचा माठ चिरला. पाणी झिरपून कणगीच्या बुडाशी मुरलं. दोन दिवस कुणाला दिसलं नाही. दिसलं तेव्हा सासूनं मला धरलं, माठ मी भरला म्हणून. तूर ओली, राखेनं बरबटलेली, गरम झालेली. टाकून द्यायची तर खायचं काय? मी ती धुतली, पोत्यावर पसरून एक दिवस उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी जात्यावर भरडायला बसले.

साल अख्खं निघालं. भाजलेल्या शेंगदाण्याचं निघतं तसं. एरवी आम्ही तुरीला तेलाचा हात लावायचो, दोन-तीन दिवस ऊन द्यायचो, पाण्याचा हबका मारून झाकून ठेवायचो, पुन्हा ऊन द्यायचो. एवढं करून भरडली तरी अर्ध्या दाण्याला साल चिकटलेलं आणि सुपात कणीच जास्त. इथं एका फेऱ्यात डाळ पिवळी, मोठी, दोन फाका सरळ. सासू म्हणाली, बरं झालं, वाया गेली नाही. तिच्यासाठी ते तिथं संपलं.

माझ्यासाठी संपलं नाही. मी ज्या शेतकऱ्याच्या घरी धान्य निवडायला जायचे, तिथं त्यांच्या तुरीवर करून पाहिलं. त्यांच्याच चुलीतली राख घेतली, पाण्यात कालवली, तुरीला लावली, झाकून ठेवली. काही झालं नाही. साल जागेवर. त्या घरची बाई हसली आणि मला म्हणाली, तुझी जादू तुझ्याच घरी चालती वाटतं. मी घरी येऊन पुन्हा केलं तर बराबर झालं. पुन्हा त्यांच्या घरी, पुन्हा नाही. दोन सुगी अशा गेल्या तेव्हा ध्यानात आलं की त्यांच्या चुलीत गोवरी आहे आणि माझ्या चुलीत पऱ्हाटी आहे. तेवढाच फरक होता. हे लिहायला एक ओळ लागली. कळायला दोन वर्षं लागली.

पुढं मी राख लावायचं सोडून राखेचं पाणी वापरायला लागले. राख पाण्यात कालवायची, बसू द्यायची, वरचं नितळ पाणी घ्यायचं. पाणी जास्त कडक झालं तर डाळ लालसर पडते आणि हाताची कातडी सोलते. कमी पडलं तर साल सुटत नाही. ते दोन बोटांत चोळून बघायचं. बोटं गुळगुळीत सरकली पाहिजेत, पण चावा लागला नाही पाहिजे. याला दुसरं माप नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी मोंढ्यामागच्या एका डाळमिलमध्ये लागले. आम्ही सहा जणी होतो, त्यात माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, माझा दीर, छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला. तिचं घर तिच्या एकटीच्या कामावर चालायचं. मिलमध्ये रीत तीच, घरच्यासारखी, फक्त मोठी. यंत्रातून तुरीला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, फरशीवर वाळवायची, हबका मारायचा, ढीग घालायचा, पुन्हा वाळवायची, मग भरडाई. चोळणं, पसरणं, पालटणं हे बायांचं काम.

एका हंगामात तेल मिळेना आणि वर आभाळ धरलं. तूर फरशीवर पडून, वाळायचं नाव नाही. मुनीम, म्हणजे शेठचा कारभार बघणारा माणूस, दुपारी आला आणि म्हणाला, उद्यापासून येऊ नका, ऊन पडलं की निरोप देतो. जाऊ तिथंच खाली बसली.

मी मुनीमला म्हणाले, "एक पोतं माझ्याकडं द्या. तेल नको, ऊन एक दिवसाचं पुरं. जमलं न्हाई तर ते पोतं माझ्या अंगावर घाला."

त्यानं अर्धं पोतं दिलं. मी घरून राख आणली, पाणी केलं, तूर ओली केली आणि ओल्या गोणपाटाखाली ढीग घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन-चार तास काय ते ऊन पडलं तेवढ्यात वाळली. भरडून काढली. मुनीमनं मूठभर डाळ उचलली, चुनीचा, म्हणजे सालं आणि चुऱ्याचा ढीग पाहिला, तो नेहमीच्या निम्माही नव्हता, आणि शेठला बोलवायला गेला.

शेठ माणूस म्हणून वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, मजुरी वेळेवर द्यायचा. त्यानं डाळ पाहिली, मला विचारलं, मी सांगितलं, राखेचं पाणी. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सगळी तूर तशी करायला लागलो.

आठवड्यानं मुनीम माझ्याकडं आला आणि त्यानं विचारलं, राख कुठून आणतेस. म्हणाले, घरून, दुसरीकडून कुठून? तो शेठकडं गेला. दुसऱ्या दिवशी शेठच्या घरून राखेचा डबा आला. गायीच्या शेणाच्या गोवऱ्यांची राख, वस्त्रगाळ केलेली. मुनीम माझ्याकडं न बघता म्हणाला, "शेठजी म्हणले, खायच्या धान्याचं काम आहे. इथून पुढं राख इथलीच घ्यायची."

मला समजलं. सहाही जणींना समजलं. आमच्या चुलीची राख त्यांच्या डाळीला चालत नव्हती. आमचे हात चालत होते, कारण हातांशिवाय काम होत नव्हतं.

त्यांची राख मी एका टोपलीला लावून पाहिली, उगीच खात्री म्हणून. साल सुटलं नाही. आता हे जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? काम बंद. तेल येईपर्यंत घरी बसा. म्हणून मी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन यायचे, वर भाकरीचं फडकं, खाली राख. शेठच्या घरच्या राखेनं आम्ही चहाची भांडी घासायचो. जाऊ म्हणायची, किती शुद्ध भांडी निघतात बघा. आम्ही हसायचो. सहा जणींपैकी एकीनंही बाहेर तोंड उघडलं नाही.

पुढच्या हंगामात शेठचा जावई आला. पुण्याला इंजिनिअर होता. तो दोन दिवस फरशीवर उभा राहिला, वहीत लिहीत. मला विचारायचा, पाणी किती, ढीग किती तास, गोणपाट ओलं का कोरडं. मी सगळं सांगितलं. माणूस नीट विचारत होता, मी नीट सांगत होते. राख कुठली हे त्यानं विचारलं नाही. डबा समोर होता, त्याच्याच सासूच्या स्वयंपाकघरातला.

काही महिन्यांनी मिलमध्ये पेढे वाटले. मुनीम म्हणाला, शेठजींनी मुंबईला सरकारात अर्ज टाकलाय. ही रीत आता शेठजींच्या नावावर लागणार, त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुठल्या मिलला वापरता येणार नाही. त्याला पेटंट म्हणतात. मी विचारलं, अर्जात शोध कुणी लावला ते लिहायला जागा असते का? तो म्हणाला, असते ना, तिथं शेठजींचं नाव आहे.

मी पेढा तसाच हातात धरून शेठकडं गेले. तोवर कधी त्याच्या गादीसमोर मी आपणहून गेले नव्हते. म्हणाले, ही रीत मी काढली, माझं नाव पाहिजे. पैसा मागत नाही, नाव पाहिजे.

शेठ हसला, वाईट नाही हसला. "बाई, तू काय मशीन बनवली का? राखच तर लावली. ते कुणालाही सुचतं."

मी म्हणाले, "मंग सरकारला काय लिहून दिलंय? कुणालाही सुचतं असं?"

त्यानं हिशेबाची वही ओढली आणि वाचायला लागला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. पेढा जावेच्या लेकीला दिला.

त्या दिवसापासून माझ्या मनात ते एकच बसलं. कामाला जात होते, डबा नेत होते, पण आधीसारखं हसू येत नव्हतं. जाऊ म्हणायची, नाव घेऊन काय भाजी करणार आहेस? तिला मी काय सांगणार? माझ्या बापाचं नाव गावात कुणी नीट घेतलं नाही. अर्धं तोडून हाक मारायचे. मला शाळेत घातलं तेव्हा त्यानं मास्तरला सांगितलं होतं, हिचं नाव पूर्ण लिहा. ते एवढं एकदाच पूर्ण लिहिलं गेलं होतं, शाळेच्या दाखल्यावर.

दोन वर्षांनी अर्ज मुंबईत छापून आला तशी दुसऱ्या मिलवाल्यानं हरकत घेतली. तोही मोंढ्यातलाच, शेठचा जुना बरोबरीचा. त्याचं म्हणणं, यात शोध कसला? तुरीला गोवरीची राख तर आमच्या आज्या लावायच्या. पाणी मारून झाकून ठेवणं हेही जुनंच. दोन जुन्या गोष्टी एकत्र केल्या, हे कुणालाही सहज सुचेल. आणि सहज सुचेल अशा गोष्टीला कायदा पेटंट देत नाही. हे मला नंतर कळत गेलं, मुनीमच्या बोलण्यातून. तेव्हा एवढंच कळलं की मुंबईचा वकील येणार आहे आणि त्याच्यासमोर काम करून दाखवायचं आहे.

वकील भला माणूस होता. खुर्ची फरशीवरच मांडून बसला. मला म्हणाला, बाई, अर्जात जसं लिहिलंय तसंच करून दाखवा, मी वाचतो. त्यानं मराठीत वाचलं. तूर इतकी. पाणी इतकं. गायीच्या शेणाच्या गोवरीची शुद्ध राख.

मी विचारलं, "जसं लिहिलंय तसंच?"

"तसंच. बिलकुल तसंच."

बाकीच्या पाच जणी माझ्याकडं बघायला लागल्या. जावेनं माझ्या भाकरीच्या डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली, म्हणजे करू नको. मी शेठच्या घरचा डबा उघडला आणि त्यातली राख घेतली.

दुसऱ्या दिवशी तूर भरडली. साल दाण्याला घट्ट. कणी आणि चुनीचा ढीग. वकिलानं मूठ भरून पाहिली आणि शेठकडं पाहिलं. शेठनं मुनीमकडं. मुनीमनं माझ्याकडं. मी सूप झाडून कोपऱ्यात ठेवलं.

संध्याकाळच्या आत शेठ आमच्या वस्तीत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाडी रस्त्यावर ठेवली आणि आमच्या दारासमोर येऊन उभा राहिला. नवऱ्यानं बाज टाकली, तो बसला नाही. सासूनं पाणी आणलं, त्यानं हातानंच नको म्हटलं. दाराशेजारी पऱ्हाट्यांची गंजी होती, पुरुषभर उंच. तो तिच्याकडं बघत राहिला. माणूस हुशार होता, मला काही सांगावं लागलं नाही.

"हे जळण," तो म्हणाला. "ह्याची राख घालत होतीस."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आमच्या घरची?"

"भांडी घासली."

नवरा घाबरला. शेठ मात्र चिडला नाही. त्यानं मला सगळं विचारून घेतलं, गोवरीनं का होत नाही, बाभळीनं का होत नाही. मी म्हणाले, का ते मला माहीत नाही, होत नाही एवढं माहीत आहे. तो म्हणाला, वकील म्हणतो अजून वेळ आहे, दुरुस्तीचा अर्ज करून बघता येईल. पऱ्हाटीची राख असं लिहिलं तर हरकतवाल्याचं तोंड बंद होईल, कारण पऱ्हाटीची राख तुरीला लावून कुणी साल काढलेलं नाही. ते कुणाला सुचलेलं नाही.

"मला सुचलं," मी म्हणाले. "दुरुस्ती करता तर नावाचीही करा."

त्यानं एकदा गाडीकडं वळून पाहिलं. मग म्हणाला, नाव बदललं तर आधी खोटं लिहून दिलं असं होईल, सगळा अर्जच पडेल. मी म्हणाले, खोटं लिहून दिलंच आहे. तो म्हणाला, तुला काय पाहिजे ते माग, कायम काम देतो, तुझ्या नवऱ्याला मिलमध्ये घेतो. मी म्हणाले, नाव.

मग त्यानं जे सांगितलं ते खरं कारण होतं. आवाज न चढवता, समजावल्यासारखं सांगितलं.

"बाई, नाव सोड. पऱ्हाटी लिहिली की लोक विचारतील, पऱ्हाटी कुणाच्या चुलीत जळती? माझ्या घरी जळत न्हाई, मोंढ्यातल्या कुण्या शेठच्या घरी जळत न्हाई. तुमच्या वस्तीची राख मी डाळीला लावून राह्यलो, हे मी माझ्या हातानं लिहून देऊ? उद्या माझी डाळ कोण घेईल?"

मी म्हणाले, "चार वर्षं घेतली न्हाई का?"

"त्यांना माहीत नव्हतं."

तो गेला. पाणी तसंच राहिलं. सासूनं ते तुळशीला घातलं नाही, आमच्याकडं तुळस नव्हती, बकरीला पाजलं. शेजाऱ्याची बकरी.

त्यानं दुरुस्तीचा अर्ज केला नाही. मुनीमनं मला नंतर सांगितलं, वकिलानं खूप समजावलं, पऱ्हाट्या मिलच्याच आवारात जाळू, वस्तीचं नाव कशाला येतंय? पण शेठचं मन घेईना. लोक जुनं खोदून काढतील अशी भीती त्याला बसली होती. हरलं तर हरू दे म्हणाला. पेटंट गेलं तर पेटंट जाईल, आब जाणार नाही.

पुढं आठ दिवसांनी हरकत घेणाऱ्या मिलवाल्याच्या वकिलानं जालन्याच्या कोर्टासमोरच्या टाइपवाल्याकडं मला बोलावलं. शपथेचा कागद तयार होता, मराठीत. मी टाइपवाल्याच्या बाकावर बसून वाचला. त्यात लिहिलं होतं की मी अमुक मिलमध्ये कामाला आहे. आमच्या भागात तुरीला गोवरीची राख लावण्याची रीत सर्व घरांत पूर्वीपासून आहे. ओली तूर झाकून ठेवल्यानं साल सैल होतं हेही बायांना पूर्वीपासून माहीत आहे. खाली माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावासकट.

मी पुन्हा वाचला. एक शब्द खोटा नव्हता.

मी म्हणाले, एक ओळ घाला. लिहा की गोवरीच्या राखेनं साल निघत नाही, पऱ्हाटीच्या राखेनं निघतं आणि ते मी शोधून काढलं. वकील म्हणाला, "बाई, तसं लिहिलं तर माझा पक्षकार हरेल. तुम्हाला विचारलंय तेवढंच सांगा. हे खरं आहे की नाही?"

"खरं हाय."

"मंग सही करा."

जाऊ मला सकाळीच म्हणाली होती, जाऊ नको. पेटंट मिळालं तर शेठ मिल वाढवील, आपल्याला काम राहील. नाही मिळालं तर तो आपल्यावर राग काढील. तिचं बरोबर होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. मी रागानं सही केली. खरा कागद होता म्हणून केली असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. कागद खरा होता आणि सही रागानं केली, दोन्ही होतं. आणि तिसरं हे, की त्या कागदावर माझं नाव पूर्ण लिहिलेलं होतं. ते पाहून मला बरं वाटलं होतं. हे आज पहिल्यांदा सांगते.

निकाल यायला वर्ष गेलं. तोवर शेठनं ना राख बदलली ना बाया, त्याच्या वकिलानं तसं बजावलं होतं. अर्ज फेटाळला. हरकतवाल्याच्या वकिलाच्या कारकुनानं मला निकालाची नक्कल दिली, इंग्रजीतली. आमच्या वस्तीतल्या मास्तरांनी वाचून मराठीत सांगितली. त्यात माझं नाव एके ठिकाणी होतं. तिथं लिहिलं होतं की ही रीत या धंद्यातल्या साध्या माणसालाही सहज सुचण्यासारखी आहे, आणि खुद्द अर्जदाराच्या मिलमध्ये काम करणाऱ्या बाईनं हे शपथेवर मान्य केलं आहे. मास्तरांनी नाव मोठ्यानं वाचलं. म्हणाले, बघा ताई, मुंबईच्या निकालात नाव आलं तुमचं. ते चेष्टा करत नव्हते.

मी नक्कल घडी घालून शाळेच्या दाखल्यासोबत ठेवली. अजून आहे.

हरकतवाल्यानं लगेच आपल्या मिलमध्ये गोवरीच्या राखेनं तूर करून पाहिली. तीन दिवस खटपट केली आणि सगळा माल जनावरांना गेला. मी सांगितलेली पऱ्हाटीची ओळ वकिलानं त्याला सांगितलीच नसावी, आणि तो कुणाकडं विचारायला आला नाही. त्याला वाटलं, राखेचं सगळं थोतांडच होतं. शेठनं राख बंद केली आणि तेल चोळायचं यंत्र आणलं. त्याला बाया लागत नव्हत्या. सहापैकी दोघींना ठेवलं, झाडलोटीला. मला आणि जावेला नाही ठेवलं, हे सांगायला नको.

मुनीमनं निरोप दिला त्या दिवशी आम्ही दोघी बरोबरच घरी चाललो होतो. ती पुढं, मी मागं. वस्ती जवळ आली तशी ती थांबली आणि मागं न वळता म्हणाली, "तुला नाव पायजे होतं. मला काम पायजे होतं. तुझं तुला भेटलं."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दीर त्याच साली गेला. औषध वेळेवर मिळालं असतं तर जगला असता का, हे मला माहीत नाही. तिला माहीत आहे असं ती वागायची. ती पोरांना घेऊन हसनाबादला भावाकडं निघून गेली.

मी पुन्हा पऱ्हाट्या उपटायला जायला लागले. हातात तेच लाकूड, अंगणात तीच गंजी, चुलीत तीच राख. तूर मात्र मी पुन्हा त्या पाण्यानं केली नाही. तेल लावून करायचे, सगळ्यांसारखी. सासू म्हणायची, तुझी ती रीत कुठं गेली? मी म्हणायचे, विसरले.

पुष्कळ वर्षांनी नात्यातल्या एका लग्नाला हसनाबादला गेले. जावेचं घर वाटेवरच होतं. न जाता आले असते तर बरं झालं असतं, पण गेले. ती अंगणात बसली होती, केस पांढरे झालेले. पोत्यावर तूर वाळत होती. शेजारी घमेल्यात राखेचं पाणी, वरचं नितळ काढलेलं. तिनं मला पाहिलं, उठली, बसायला सतरंजी टाकली, आत जाऊन चहा ठेवायला सांगितला. पण बोलली नाही. पुन्हा जात्याजवळ बसली आणि भरडायला लागली. साल अख्खं निघत होतं. मी ओळखलं, पाणी बराबर झालं होतं. बोटांनी बघूनच केलं असणार.

तेवढ्यात शेजारची एक तरुण बाई आली. डाळ हातात घेऊन म्हणाली, आजी, किती साफ निघाली हो. ही रीत कुणी शिकवली तुम्हाला?

जावेनं जातं थांबवलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "ते कुणालाही सुचतं."

मी चहा संपवला आणि लग्नाला गेले.